घरच्यांचे फोटो: डोहाळजेवण, तान्हं बाळ, सगळं घर आणि सहल, कुठलं काम आधी करायचं

फोटो बिघडला की पहिला दोष फोनवर जातो. लोक मला जे बिघडलेले फोटो दाखवायला आणतात त्यात फोन बहुतेक वेळा बरा असतो, कामाचा क्रम उलटा झालेला असतो. म्हणजे रील बघून आधी पोझ ठरते, मग टोपली, फुलं, थर्माकोलची चंद्रकोर असलं सामान येतं, मग पाहुणे जमतात आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी म्हणतं अंधार दिसालाय, ट्यूब लाव की. आधी वेळ आणि उजेड बघायचा, मग कॅमेरा, मग माणसांची सोय, आणि पोझ सगळ्यात शेवटी. खाली त्याच क्रमाने लिहिलंय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या बाजूची घरं आणि हवा डोक्यात ठेवून लिहिलंय, आणि फोन असो की कॅमेरा, दोन्हींना चालेल असं.

## टप्पा १: तारीख आणि वेळ आधी धरा

गरोदरपणाचे फोटो सातव्या-आठव्या महिन्यात, म्हणजे साधारण २८ ते ३४ आठवड्यांत काढा. त्याआधी पोट नीट दिसत नाही, त्यानंतर बाईला उभं राहणं जड जातं, पाय सुजतात, आणि बाळ कधीही लवकर येऊ शकतं. डोहाळजेवण बहुतेक घरांत सातव्यात होतंच, त्यामुळे वेगळा दिवस काढायची गरज नाही, पण त्या दिवसातला वेगळा अर्धा तास मात्र काढायलाच पाहिजे. ओटी भरायला बायकांची रांग लागली की मग फोटोला वेळ मिळत नाही, जे मिळतात ते पाठमोऱ्या बायकांचे.

तान्ह्या बाळाचे झोपलेले, मुटकुळं करून पडलेले फोटो पहिल्या दोन आठवड्यांतच मिळतात. त्यानंतर बाळ हातपाय ताणायला लागतं, झोप सावध होते, गालावर बारीक पुरळही येतो. आणि नेमकं बाराव्या-तेराव्या दिवशी बारसं असतं. बारशाच्या दिवशी बाळाचे शांत फोटो काढू म्हणणाऱ्यांनी तो विचार सोडा, त्या दिवशी बाळ या हातातून त्या हातात फिरत असतं आणि संध्याकाळपर्यंत रडून लाल होतं. सातवा ते दहावा दिवस धरा. बारशाला फक्त पाळणा, नाव ठेवणाऱ्या आत्या आणि जमलेली माणसं एवढंच काढा.

बाहेरच्या फोटोंसाठी सूर्य मावळायच्या आधीचा तास चांगला. बेळगावात डिसेंबरला सूर्य सहाच्या पुढेमागे मावळतो आणि जूनमध्ये सातच्या पुढेमागे, म्हणजे "साडेपाचला जाऊया" हे वाक्य दोन्ही महिन्यांत चालत नाही. जून ते सप्टेंबर बाहेरचं काही पक्कं धरू नका, खानापूर-जांबोटीकडे तर नाहीच. त्या महिन्यांत घरातली खिडकी हाच तुमचा स्टुडिओ.

तपासा: घरातल्या मोठ्यांना विचारलंय का? काही घरांत सव्वा महिना होईपर्यंत बाळाचा फोटो काढू देत नाहीत. आज्जीला न विचारता कॅमेरा काढला तर फोटो राहतील बाजूला, दिवस वाईट जाईल. बऱ्याचदा "काढा, पण मोबाईलवर कुणाला पाठवू नका" एवढ्यावर ती तयार होते, आणि तिची ती अट वाईट नाही.

## टप्पा २: घरातला उजेड शोधा

हा टप्पा सगळे गाळतात म्हणून जरा लांब लिहितो.

फोटोच्या एक-दोन दिवस आधी, ज्या वेळेला फोटो काढायचाय त्याच वेळेला घरभर फिरा. हात चेहऱ्यासमोर धरून तळव्यावर उजेड कसा पडतोय ते बघा. एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला हलकी सावली, आणि सावलीची कड धारदार नाही, असं जिथं दिसेल ती तुमची जागा. बेळगावातल्या शहापूर, वडगावकडच्या जुन्या लांबट घरांत पुढचा सोपा म्हणजे ओसरी आणि मागचं परडं उजळ असतं, मधलं घर अंधारं. लोक फोटो नेमके मधल्या घरात काढतात कारण तिथं सोफा आणि टीव्हीचं शोकेस आहे. सोफा उचलून पुढं आणा, नाहीतर सोप्यातच चटई टाका.

उत्तरेची खिडकी दिवसभर बरी. फक्त मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे सूर्य जरा उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही तिरकं ऊन आत येऊ शकतं. पूर्वेची खिडकी दुपारनंतर वापरा, पश्चिमेची सकाळी. थेट ऊन आत येत असेल तर खिडकीला पांढरं धोतर किंवा साधी पांढरी चादर लावा, चार टाचण्या बास झाल्या. रंगीत पडदा लावू नका, गुलाबी पडद्यातून आलेला उजेड बाळालाही गुलाबी करतो.

भिंतींचंही तेच. आपल्याकडं पोपटी, आकाशी, केशरी भिंतींची हौस आहे, आणि भिंतीचा रंग उजेडाबरोबर चेहऱ्यावर येतो. पोपटी भिंतीला टेकून बसवलेल्या बाईचा गाल हिरवट दिसतो आणि मग सगळे म्हणतात कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड आहे. भिंत बदलता येत नाही, माणूस भिंतीपासून पाच-सहा फूट पुढं आणता येतो. नाहीतर खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरी चादर धरून कुणालातरी उभं करा, सावलीच्या बाजूचा चेहराही उजळेल आणि रंगही साफ येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खिडकीचा उजेड घेतलात की घरातले सगळे दिवे बंद करा. ट्यूब, पिवळा बल्ब, देवघरातली लाल-हिरवी माळ, सगळं. बाहेरच्या उजेडाचा रंग एक आणि दिव्याचा दुसरा, आणि कॅमेरा एका वेळेला एकच रंग सांभाळू शकतो, मग अर्धा चेहरा निळा आणि अर्धा पिवळा. हे नंतर एडिटिंगमध्ये सहज निघत नाही, कितीही ॲप बदला. लाईट गेली म्हणून फोटो पुढं ढकलणारी घरं मी बघितलीत, दिवसाउजेडी लाईट गेलेली उलट बरी, कुणी उठून ट्यूब तरी लावत नाही.

थांबा: खिडकी माणसाच्या पाठीमागे ठेवू नका. चेहरा काळा पडतो, खिडकी पांढरी फुटते. माणूस खिडकीला आडवा किंवा तिरका, आणि फोटो काढणाऱ्याची पाठ किंवा खांदा खिडकीकडं.

## टप्पा ३: फोन किंवा कॅमेरा तयार करा

फोनवाल्यांनी पहिलं काम लेन्स पुसायचं. खरंच. खिशातला तेलकट फोन तसाच काढला की दिव्याभोवती धूर दिसतो आणि लोकांना वाटतं फोन जुना झाला. ब्युटी फिल्टर बंद करा, तो बाळाच्या गालाची लव आणि आज्जीच्या सुरकुत्या दोन्ही घालवतो. एकपट किंवा दोनपटावर काढा, अर्ध्यावर म्हणजे रुंद लेन्सवर माणसं काढू नका, कडेला उभा असलेला जावई आडवा पसरतो आणि वर्षभर बोलून दाखवतो. चेहऱ्यावर बोट ठेवून दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथं लॉक होतो, मग बोट जरा खाली ओढून उजेड थोडा कमी करा. पांढरी दुपटी आणि भरजरी साड्या यांना हे लागतंच.

कॅमेरा असेल तर: लेन्सचं भोक किती उघडायचं तो एफचा आकडा एकट्या माणसाला एफ २.८ किंवा एफ ४, दोन रांगांच्या ग्रुपला एफ ५.६ ते एफ ८. झोपलेल्या बाळाला शटरचा वेग १/१२५ सेकंद चालतो, जागं असेल तर १/२५०, पळणाऱ्या पोरांना १/५०० च्या खाली जाऊ नका. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची कमी उजेडात फोटो उजळ करायची सेटिंग, ८०० किंवा १६०० करावा लागला तर करा. थोडे दाणे आलेला स्पष्ट फोटो छपाईत चालून जातो, हललेला चालत नाही.

फोनचा पोर्ट्रेट मोड एकट्या-दुकट्याला ठीक आहे. ग्रुपमध्ये तो कुणाचा कान, कुणाचा पदर पुसून टाकतो. बंद ठेवा.

तपासा: बॅटरी, जागा, आणि फोन विमान मोडवर. बाळ झोपलंय आणि नेमका मामाचा फोन वाजला, हे प्रत्येक घरात होतं.

## टप्पा ४: डोहाळजेवण आणि गरोदरपणाचे फोटो

आधी तिला विचारा की आज बरं वाटतंय का. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल, रक्तदाब वाढलेला असेल, काही त्रास झालेला असेल तर फोटो बसून किंवा कुशीवर लवंडून काढायचे, नाहीतर काढायचेच नाहीत. तिचं थोडं खाणं झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने सुरू करा, पाण्याची बाटली जवळ ठेवा. आणि फुलांचे दागिने अगदी शेवटी घाला, ते टोचतात, गरम होतं, आणि तासाभरात मोगरा कडेने तांबूस पडायला लागतो.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा साध्या साडीत तिचे एकटीचे. मग नवऱ्याबरोबर. मग तिची आई आणि सासू. मग दागिने घालून झोपाळ्यावर किंवा सजवलेल्या जागी. ओटीचा कार्यक्रम त्यानंतर सुरू होऊ द्या. घरच्या बायका आधी कार्यक्रम उरकूया म्हणतील, तेव्हा गोड बोलून अर्धा तास मागून घ्या, ओटी भरून आणि जेवणं होऊन सगळं आटपेपर्यंत तिचा चेहरा दमलेला असतो आणि कुंकू कपाळभर पसरलेलं असतं.

उभं करताना ती कॅमेऱ्याला पूर्ण समोर नको, पाऊण बाजूला वळलेली. वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा किंचित वाकलेला. एक हात पोटाच्या वर, एक खाली, आणि दंड अंगाला चिकटवायचे नाहीत, मध्ये फट दिसू दे, नाहीतर पोट, हात आणि साडी सगळं एकच गठ्ठा दिसतं. काठाची इरकल असेल तर पदर पोटावरून आडवा न घेता खांद्यावर घडी करून पिन लावा, पोटाचा आकार काठामुळं मोडतो. मान खाली घालून पोटाकडं बघायची पोझ एखाददुसरी चालते, सगळ्यात तीच असेल तर कंटाळा येतो. नवऱ्याला म्हणा काहीतरी बोल तिच्याशी. तो जे काय बोलेल त्यावर ती हसते, तो फोटो घ्या. मुद्दाम हसवायला गेलात तर दोघं पासपोर्टला बसल्यासारखे बसतात.

थांबा: पाठीवर सरळ झोपवून वरून फोटो काढायची टूम आलीय. पोट मोठं झाल्यावर सरळ उताणं झोपलं की आतली मोठी रक्तवाहिनी दाबली जाते, चक्कर येते. डाव्या कुशीवर, मागे उशी देऊन. तेही थोडाच वेळ.

थांबा: गोकाक धबधब्याच्या खडकावर, धरणाच्या भिंतीवर, नदीच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. गरोदर बाईला तिथं नेऊ नका. परड्यातलं आंब्याचं झाड आणि संध्याकाळचं ऊन पुरतं.

## टप्पा ५: तान्हं बाळ

इथं घाई केली की सगळं बिघडतं. म्हणून बाळाचं दिवसाचं वेळापत्रक आधी समजून घ्या, आणि आपल्या घरांत ते सोपं आहे कारण मालीश आणि अंघोळ ठरलेल्या वेळेला होते. अंघोळ, मग दूध, मग गाढ झोप. हीच तुमची वेळ. न्हाऊ घालणारी बाई साडेनऊला येत असेल तर तुम्ही साडेदहाला सगळं मांडून तयार राहा. अंघोळीनंतर शेगडीवर धुरी देतात त्या घरांत दोन गोष्टी होतात, खोलीत धुकं भरून फोटो पांढरट येतो, आणि तो धूर बाळाच्या छातीलाही चांगला नसतो. त्या दिवशी धुरी नको म्हणून सांगा. कपाळावरचं तेल मऊ कापडाने टिपून घ्या, नाहीतर खिडकीचा उजेड तिथं चमकतो.

मांडणी बाळ यायच्या आधी. खिडकीपासून तीन-चार फुटांवर जमिनीवर जाड गादी, त्यावर गोधडी, त्यावर साधं फिकं कापड, सुरकुती न पडता ताणलेलं. आज्जीच्या जुन्या लुगड्याची गोधडी असेल तर तीच वर घ्या, बाजारातल्या फर पेक्षा शंभरपट बरी. बाळाचं डोकं खिडकीच्या बाजूला असं ठेवा की उजेड डोक्याकडून तिरका हनुवटीकडं उतरेल. पाय खिडकीकडं ठेवले की उजेड खालून नाकपुड्यांत जातो आणि चेहरा भीतीदायक दिसतो. ही एक चूक सुधारली तरी निम्मे फोटो सुधारतात. तुम्हीही बाळाच्या पायाकडून वर बघत फोटो काढू नका, बाजूने किंवा डोक्याच्या बाजूने वरून काढा.

खोली उबदार पाहिजे. पंखा बंद. कपडे कमी करून काढायचे असतील तर खोली २६-२८ अंशांच्या आसपास हवी, डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या सकाळी ते आपोआप होत नाही, हीटर लावून खोली आधी तापवा आणि हीटर बाळाकडं तोंड करून ठेवू नका. सरळ सांगायचं तर दुपट्यात गुंडाळून काढा. उघड्या बाळाचे फोटो काढायलाच पाहिजेत असा काही नियम नाही.

गाढ झोप लागली का ते बघा. डोळे मिटले की लगेच हलवू नका. पापण्या फडफडतात, ओठ चोखल्यासारखे हलतात तोपर्यंत झोप वरवरची असते. साधारण वीस मिनिटं थांबा. मग त्याचा हात हळूच उचलून सोडा, सैल पडला तर आता चालेल.

फोटोंचा क्रम. जे सोपं आणि न हलवता होतं ते आधी:

१. गुंडाळलेलं बाळ, वरून. घट्ट नाही, पाय आत हलू शकतील एवढं.
२. त्याच जागी, बाजूने चेहरा.
३. जवळून: बोटं, पावलं, कानाची पाळी, जावळ. आईचं बोट त्याच्या मुठीत देऊन एक.
४. आईच्या कुशीत.
५. आज्जी-आज्जांच्या हातात.
६. मोठं भावंड बरोबर. भावंड लहान असेल तर मात्र हा फोटो सगळ्यात पहिला काढा, वीस मिनिटं थांबणं त्याला जमत नाही, ते जाऊन बाळाच्या डोळ्यात बोट घालतं.

आईचा फोटो लोक टाळतात, "आता कशाला, केस विस्कटलेत" म्हणतात. ऐकू नका. सिझेरियन झालेलं असेल तर तिला जमिनीवर बसवू नका, पलंगावर पाठीला उशा देऊन बसवा आणि बाळ टाक्यांवर न ठेवता बाजूने द्या. डोक्याला स्कार्फ बांधलेला असू दे, ते बाळंतिणीचं रूपच आहे. गालावरची तीटही नंतर पुसून टाकू नका. काजळ मात्र डोळ्यात घालू नका, डॉक्टरही नको म्हणतात आणि फोटोत ते पसरून डोळा सुजल्यासारखा दिसतो.

थांबा, आणि हे नीट वाचा. हातांवर हनुवटी टेकवून बेडकासारखं बसलेलं बाळ तुम्ही बघितलं असेल. तो एक फोटो नसतो. दोन फोटो जोडलेले असतात, दोन्हींत कुणीतरी बाळाचं डोकं किंवा हात धरलेले असतात आणि ते धरणारे हात नंतर पुसलेले असतात. घरी हे करायला जाऊ नका, मान सावरलेली नसते. तसंच बाळाला झोळीत टांगणं, काचेच्या बरणीत, टेबलावर, झोपाळ्यावर एकटं ठेवणं नाही. बुट्टीत (टोपलीत) ठेवायचं असेल तर बुट्टी जमिनीवर, तळाला जड काहीतरी घालून, आणि एक माणूस हाताच्या अंतरावर, फ्रेमच्या बाहेर. पालथं घालून फोटो नको. तोंडाजवळ फुलं, मणी, सुटे दोरे नकोत.

बाळाच्या वर उभं राहून फोटो काढताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात किंवा मनगटात अडकवलेला पाहिजे, आणि शर्टाच्या वरच्या खिशातला फोन, पेन, चष्मा काढून ठेवा. वाकलं की पडतं. सर्दी-खोकला असेल तर तुम्ही त्या दिवशी जाऊच नका, दुसऱ्या कुणाला तरी फोन द्या.

फ्लॅशची गरज पडत असेल तर समजा की जागा चुकलीय. फ्लॅशने बाळ दचकतं आणि चेहरा सपाट येतो. परत टप्पा २ वर जा.

तपासा: फोटोत बाळ पिवळं दिसतंय? आधी पिवळं दुपटं किंवा पिवळी भिंत जवळ आहे का बघा. तसं काही नसेल आणि डोळ्यांनी बघितलं तरी पिवळं वाटत असेल तर फोटो सोडा आणि डॉक्टरला दाखवा. पहिल्या आठवड्यात बऱ्याच बाळांना थोडी कावीळ होते, पण ती वाढतेय का हे डॉक्टरने ठरवायचं, आपण फिल्टर लावून ती झाकायची नाही.

बाळ उठलं, रडलं, दूध मागितलं की थांबायचं. दोन वेळा मांडामांड झाली आणि तरी झोपत नसेल तर आवरून घ्या, परवा या.

## टप्पा ६: सगळं घर एका फोटोत

सगळी माणसं एकत्र सापडतात ती गणपतीत, लग्नात नाहीतर गावच्या यात्रेला. गणपतीत काढणार असाल तर सकाळची आरती झाल्यावर, जेवणाच्या आधी. जेवणानंतर निम्मे आडवे होतात आणि उरलेले पान खायला बाहेर.

१. आदल्या दिवशी यादी करा. कोण कोण, कुठल्या क्रमाने. सगळ्यात मोठा ग्रुप आधी, मग माणसं कमी करत जायची. सगळे, मग आज्जा-आज्जी आणि फक्त नातवंडं, मग एकेक भावाचं कुटुंब. उलटं केलं, म्हणजे छोट्यापासून मोठ्याकडं गेलात, तर शेवटच्या मोठ्या फोटोला दोन मामा गायब असतात. हाक मारायला आवाजाचा एक माणूस नेमा. सून धारवाडकडची असेल, माहेरची माणसं कन्नड बोलणारी असतील तर दोन्ही भाषांत ओरडणारा बघा, "इकडं बघा" आणि "इल्ली नोडी" एका दमात.

२. जागा. घराच्या सावलीच्या बाजूला अंगण. झाडाखाली नको, पानांतून उन्हाचे ठिपके तोंडावर पडतात. उन्हाकडं तोंड करून उभं केलं तर सगळे डोळे मिचकावणार.

३. आधी म्हातारी माणसं खुर्चीत, मग त्यांच्या पायाशी पोरं, मग मागची रांग. उंच माणसं सगळी मध्ये गोळा करू नका. तान्हं बाळ शेवटी आणा आणि पहिलं सोडा.

४. तुम्ही मागं सरका. जवळ उभं राहून रुंद लेन्स लावण्यापेक्षा दहा-बारा पावलं मागं जा आणि झूम थोडा घ्या. कॅमेरा बसलेल्या माणसांच्या डोक्यापेक्षा जरासा वर. फोकस पुढच्या रांगेवर.

५. एका फोटोवर थांबू नका. जेवढी माणसं जास्त तेवढी कुणाची तरी पापणी मिटलेली असते. पंधरा माणसं असतील तर दहा-बारा फोटो सलग घ्या. चष्मेवाल्यांना हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा, काचेवरची चमक जाते.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. विधवा आज्जी किंवा काकू "मी कशाला, तुम्ही काढा" म्हणून मागं सरकतात आणि कुणी त्यांना पुढं बोलवत नाही. यादीत त्यांचं नाव पहिलं लिहा आणि मधल्या खुर्चीवर त्यांनाच बसवा. फोटो काढणाराही कुठल्याच फोटोत नसतो, त्यासाठी टायमर आहे, दहा सेकंदांचा लावा आणि पळा.

## टप्पा ७: फिरायला गेल्यावर

इथं एकच चूक सगळे करतात. देखाव्याजवळ माणसं उभी करतात आणि आपण लांब. मग गोकाकचा धबधबा येतो, माणसं मुंग्यांएवढी. माणसांना कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटरवर घ्या, कमरेपासून वर, आणि धबधबा, किल्ला, मंदिर मागं लांब राहू दे. दोन्ही दिसतं, आणि काठावर जायची गरजही पडत नाही. धबधब्याच्या पांढऱ्या पाण्याने फोन फसतो आणि चेहरे काळे पडतात, म्हणून बोट चेहऱ्यावर ठेवा.

राजहंसगडावर वारा जोराचा. वाऱ्याकडं तोंड करून उभं करा म्हणजे केस आणि पदर मागं उडतील. हलशीची देवळं दुपारी बारालाही चालतात, कारण दगडी मंडपाच्या कडेला बसवलं की बाहेरच्या उन्हाचा उजेड उडून चेहऱ्यावर मऊ येतो. स्टँड लावायचा असेल तर तिथल्या रखवालदाराला आधी विचारा. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर भंडारा उधळतात, तो लेन्सच्या फटीत आणि चार्जिंगच्या भोकात जातो. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, लेन्स तिथं बदलू नका, आणि गाभाऱ्यात फोटो विचारल्याशिवाय नाही. आंबोलीला एसी गाडीतून उतरलात की काचेवर वाफ धरते, कॅमेरा पिशवीत बंदच ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसत बसू नका, ती परत येते.

उसाच्या शेतात पोरांना आत घालून फोटो काढायची हौस असते. मालकाला विचारा, बांधावरच थांबा, आत साप असतो. पुणे-बेंगळूर हायवेच्या कडेला गाडी लावून तर अजिबात नाही. बेळगावात कॅम्पच्या बाजूला लष्कराची हद्द आहे, तिथं भिंती-गेटांचे फोटो आणि ड्रोन नको.

फिरताना सगळ्यांना रांगेत उभं करून काढलेले फोटो थोडेच ठेवा. गाडीत झोपलेला आज्जा, वाटेत चहाला थांबल्यावर पोरांची मारामारी, डबा उघडताना आई, हे पण काढा. त्यासाठी फोन हातात पाहिजे, पिशवीच्या तळाला नाही.

## टप्पा ८: घरी आल्यावर

त्याच रात्री सगळे फोटो दुसऱ्या एका ठिकाणी उतरवा, लॅपटॉप, हार्ड डिस्क काहीही. निवड दुसऱ्या दिवशी. बाळंतिणीला निवडायला बसवू नका, तिला स्वतःचा एकही आवडणार नाही आणि ती डिलीट करेल. रंग फार चढवू नका, आधी उजेड, मग कातरणं, बास.

व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो. छपाईसाठी पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह घेऊन दुकानात जा. चार बाय सहाच्या चांगल्या प्रिंटला साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, आठ बाय बाराला २४०० बाय ३६००. आणि फोनचा फोटो ४:३ मापाचा, प्रिंट ३:२ मापाची, त्यामुळे आडव्या फोटोत वर-खालून थोडं कापलं जातं. मागच्या रांगेच्या डोक्यावर आणि खाली बसलेल्या पोरांच्या पायाखाली मोकळी जागा सोडलेली नसेल तर पहिली कात्री तिथंच बसते, म्हणून दुकानदाराला "पूर्ण फोटो ठेवा, कडेला पांढरं राहिलं तरी चालेल" असं आधीच सांगा.